मुकादमचा किल्ल्यांचा डबा

दुसऱ्यांची दारं उघडून देणं हा ज्याचा धंदा, त्याने स्वतःच्या घराला आतून कुलूप लावून बसावं, याचं लोकांना फार हसू यायचं. येऊ दे. हसायला लोकांचं काय जातं? ज्याच्या घरात पाच वर्षांची पोर दाराची फट दिसली रे दिसली की सुसाट सुटते, ना गाडी बघते ना खड्डा, आणि कुठे पाणी दिसलं तर सरळ त्यात शिरते, त्याच्या घरी एक दिवस राहून बघा म्हणावं. संध्याकाळपर्यंत तुम्हीच कुलूप मागाल.

पोरीला बाप ‘मुकादम’ म्हणायचा. ती दोन वर्षांची असल्यापासून घरातल्या चपला-बुटांची भिंतीला लावून रांग करायची, आणि एखादी चप्पल बोटभर वाकडी झाली की घर डोक्यावर घ्यायची. “आमची मुकादम हजेरी घेतेय,” असं तो पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. पुढे तीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही, हाक मारली तर मान वळत नाही, मांडीवर घेतलं तर अंगाला चटका बसल्यासारखी निसटते, तेव्हा ते कौतुक हळूहळू ओसरलं. डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम म्हणून सांगितलं. कागदावर ‘स्वमग्न’ असंही लिहून दिलं. शब्द मोठा गोड आहे. रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं ते काही त्या शब्दात नाही.

आई आधी एका दुकानात गल्ल्यावर बसायची. ते सुटलं. आता तिची नोकरी म्हणजे पोर. पोरीला काही हवं असलं की ती आईचं मनगट धरायची, ओढत न्यायची आणि आईचा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. पाणी हवं तर नळावर, बिस्कीट हवं तर बरणीवर. तोंडाकडे बघायचं नाही, नुसता हात न्यायचा. आई कधी वैतागून म्हणायची, “मी म्हणजे हिची पकड आहे, पकड. काम झालं की टाकून द्यायची.” बाप हसायचा, पण वरवर. कारण त्याचा हात मुकादमने कधीच धरला नव्हता. पकड म्हणूनसुद्धा नाही.

त्याचं दुकान म्हणजे औषधाच्या दुकानाच्या आणि घड्याळवाल्याच्या मधली दोन हात रुंदीची जागा. समोर किल्ली कापायचं मशीन, मागे फळीवर खिळे आणि खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या. दिवसभर लोखंडाचा कीस उडायचा. घरी आला की विजारीतून तो कीस झाडायचा आणि बायको फरशीवर चुंबक फिरवायची, पोर अनवाणी फिरते म्हणून. एकदा बिस्किटांचा पत्र्याचा एक रिकामा डबा त्याने घरी आणला. त्यात मालक नसलेल्या जुन्या किल्ल्या होत्या, तीन-चारशे तरी असतील, आणि सातआठ बिनकिल्लीची कुलपं. भंगारात घालण्याआधी निवडून ठेवू, एवढाच विचार.

मुकादम त्या डब्यापाशी येऊन बसली ती उठलीच नाही. एक कुलूप उचललं, किल्लीच्या भोकाकडे पक्षी बघतो तशी मान तिरकी करून बघितलं, मग डब्यात हात घालून खळखळ किल्ल्या उपसल्या. एक काढली, टाकली. दुसरी काढली, लावली, फिरवली. खट्. कुलूप उघडलं. तिने ते लगेच दाबून बंद केलं, कारण उघडं कुलूप तिला क्षणभरही बघवायचं नाही. मग पुन्हा उघडलं.

बापाने तोंडात बोटं घातली. वीस वर्षं या धंद्यात घासलेला माणूस तो, त्यालाही चारशेतून किल्ली हुडकायला अर्धा तास लागला असता. त्याने दुसरं कुलूप पुढे केलं. खट्. तिसरं. खट्. त्या दिवशी त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं बघा. रोज येताना तो खिशातून एक नवं कुलूप आणायचा, कालच्यापेक्षा अवघड, त्याची किल्ली डब्यात मिसळायचा आणि ते तिच्या पुढ्यात ठेवायचा. ती तोंडाकडे बघायची नाही, पण तो आला की डबा पलंगाखालून ओढून बसायची. बाप समोर मांडी घालायचा. त्या अर्ध्या तासात पोर ना किंचाळायची, ना डोकं आपटायची. बापलेक कुलपं खेळत बसायचे. लग्नानंतरच्या आठ वर्षांत त्याच्या वाट्याला आलेली एवढीच खुशी, आणि ती त्याने हावऱ्यासारखी खाल्ली.

“कौतुक करा,” बायको म्हणायची. “चोर तयार करताय घरात. उद्या दाराचं उघडून चालती होईल.”

“अगं, दाराची किल्ली तुझ्या गळ्यात आहे. झोपतानासुद्धा काढत नाहीस. कुठून उघडेल?”

आता ऐका, चूक कुठे झाली ती. दाराच्या आतल्या कडीचं जुनं, चांगलं कुलूप महिन्यापूर्वी गंजून अडकलं. कुलूपवाल्याने ते काढलं आणि बॅगेत हाताला आलं ते लावलं. पितळी मुलाम्याचं, दाबलं की बसणारं, स्वस्तातलं. “रविवारी चांगलं बसवतो,” म्हणाला. रविवारी कुणाचं तरी दार अडलं. पुढच्याही रविवारी अडलं. लोकांची दारं अडायची थांबत नाहीत. आणि हाच माणूस दुकानात गिऱ्हाईकाला काय सांगायचा? “साहेब, ही स्वस्तातली कुलपं घेऊ नका. यांच्या किल्ल्यांचे नमुने ठरलेले. शंभर कुलपं घ्या, दोघांना तरी एकच किल्ली लागणार.” दिवसातून चार वेळा सांगायचा. घडाघडा पाठ होतं.

तो मंगळवार होता, दुपारची वेळ. आई डोक्यावरून पाणी घ्यायला न्हाणीघरात गेली. दार उघडंच ठेवून, कानांत पाणी जाऊ न देता, कारण आवाज यायला हवा. डब्याची खळखळ ऐकू येत होती. डोक्याला साबण लावला तेव्हाही येत होती. मग थांबली.

“मुकादम?”

ती तशीच, केसांतून फेस गळत बाहेर आली. दार बंद दिसलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग लक्ष कडीकडे गेलं. कडीत कुलूप नव्हतं. किल्ली आपल्या गळ्यात, आणि कुलूप नाही! तिने दार ओढलं. हललं नाही. मुकादमने बाहेर जाऊन, उघडं कुलूप बघवेना म्हणून, ते बाहेरच्या कडीला लावून दाबलं होतं. आई आत कोंडली गेली होती, आणि पोर रस्त्यावर.

मग ती माउली खिडकीच्या गजांना धरून जशी ओरडली, तसं ओरडणं त्या गल्लीने आधी कधी ऐकलं नव्हतं. खालची शिंपीण धावत वर आली, दाराला खांदे मारून दमली. “अगं, किल्ली टाक बाहेर!” असं ती सांगत होती आणि आईला गळ्यातली गाठ सुटेना. सुटली, खिडकीतून टाकली, तर जिन्याखालच्या गटारात गेली. नवऱ्याला फोन लावला. तो कुणाच्या तरी दारासमोर गुडघ्यांवर बसून बिघडलेलं कुलूप काढत होता, आणि फोन बॅगेत मुका पडलेला. अकराव्या फोनला त्याने बॅग उघडली.

तो आला तेव्हा जिन्यात माणसं जमली होती. असलं कुलूप म्हणजे त्याच्या हाताला दहा सेकंदांचं काम. त्या दिवशी तार तीनदा निसटली. कुलूप हातात घेऊन त्याने नुसतं बघितलं आणि त्याला सगळं कळलं. धंद्यातला माणूस, कुणाला सांगावं लागलं नाही. या कुलपाच्या किल्लीची बहीण डब्यात पडली होती, आणि त्यानेच ती आणून दिली होती.

“कुठे गेली असेल हो?” बायकोचा आवाज बसून गेला होता.

त्याला आठवलं. मोठ्या रस्त्यापलीकडे पाण्याच्या टाकीचं फाटक होतं. दोन आठवड्यांपूर्वी त्याला त्यानेच कुलूप बसवलं होतं, हाताच्या तळव्याएवढं. सोबत पोरीला नेलं होतं. परत निघताना ती त्या कुलपाला चिकटून बसली, ओढून आणावी लागली. आत जमिनीलगत टाकी, खोल, आणि अर्धी उघडी.

तो पळत सुटला. मोठ्या रस्त्यावर गर्दी होती. तो माणसं बाजूला सारत आत घुसला. एक मोटारसायकल आडवी पडलेली, आणि एक माणूस रस्त्यात बसून स्वतःचा खांदा धरून कण्हत होता. “एक कार्टी मधे आली हो,” कुणीतरी सांगत होतं. “हिला वाचवायला गेला आणि हा आपटला. ती? ती गेली पुढे. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही बयेने!”

ती फाटकापाशी उभी होती. अनवाणी, दोन्ही हातांनी ते मोठं कुलूप धरून. आतून टाकीवरचा माणूस गज हलवत बोंबलत होता, “अहो, ही तुमची का? मी कुलूप कडीला अडकवून आत आलो, तर हिने दाबून टाकलं! किल्ली बाहेर खुर्चीवर राहिली माझी!” त्याच्या मागे चार पावलांवर टाकीचं पाणी चकाकत होतं. उघडं कुलूप दिसलं म्हणून ती थांबली होती. कुलूप बंद असतं तर काय झालं असतं, नसतंच तर काय झालं असतं, हे बापाने पुढे कितीदा मनात घोळवलं त्याला गणती नाही. त्याला पोरीला छातीशी धरायचं होतं. पण धरलं असतं तर ती किंचाळून पुन्हा सुटली असती. म्हणून त्याने फक्त तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत घट्ट पकडलं आणि तिथेच मातीत बसून रडला.

परतताना त्या जखमी माणसापाशी तो दवाखान्याची गाडी येईपर्यंत हात जोडून उभा राहिला. बोलली ती गर्दी. “असली पोरं बांधून ठेवावीत,” एक बाई म्हणाली. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगीच नाही. मुकादम मान खाली घालून, डब्यातून आणलेली किल्ली मुठीत धरून अंगठ्याने घासत होती.

संध्याकाळी बायकोने डबा त्याच्या पायाशी आणून ठेवला.

“चूक डब्याची नाही गं,” तो म्हणाला. “कुलूप माझं चुकलं. उद्याच चांगलं बसवतो. जगात कुणाला उघडणार नाही असं.”

“चूक तुमची आणि डबाही तुमचाच. दोन्ही घेऊन जा.”

“कुलपामुळे थांबली ती. नाहीतर आत गेली असती.”

“कुलपामुळेच गेली ती तिथे.”

“अगं, तिच्याकडे दुसरं आहे तरी काय?”

“आणि माझ्याकडे दुसरी आहे का?” ती ओरडायला गेली, पण घशातून नुसती हवा आली.

दुसऱ्या दिवशी त्याने दाराला सगळ्यात भारी कुलूप बसवलं, पोरीचा हात पोचणार नाही इतक्या वर. घरातली एकूण एक किल्ली वेचली. पोर झोपेत असताना तिच्या मुठीतली ती एक काढून घेतली. डबा दुकानात नेऊन मशीनखाली ढकलला.

मग जे झालं ते सांगायलाही नको वाटतं. तिने पलंगाखाली शोधलं, गादी उचकटली, चपलांची रांग उधळून दिली. कपाळ फरशीवर आपटून टेंगूळ आणलं. आईने उशी मधे घातली तर आईच्या दंडाचा चावा घेतला. जेवण सोडलं. तीन दिवस नुसतं दूध. थेरपीवाल्या बाई म्हणाल्या, “हळूहळू सोडवायला हवं होतं, असं एकदम नाही.” खरं असेल. पण त्या घरातल्यांनी हळूहळूचा धोका कसा पत्करायचा, ते बाईंनी सांगितलं नाही.

चौथ्या संध्याकाळी कुलूपवाला घरी आला, बूट काढले आणि भिंतीला टेकून बसला. मुकादम त्याच्यापाशी आली. तिने त्याचं मनगट धरलं.

पाच वर्षांत पहिल्यांदा. लहानशी, गरम बोटं, आणि पकड केवढी! तिने त्याला ओढत पलंगापाशी नेलं, खाली वाकवलं, आणि त्याचा हात डब्याच्या रिकाम्या जागेवर नेऊन ठेवला. मग वाट बघत उभी राहिली. त्याने हात तिथेच ठेवला. फरशी गार लागत होती. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, ती पाठ फिरवून आत गेली.

पाचव्या संध्याकाळी ती पुन्हा आली. सहाव्या, सातव्या, आठव्याही. तो यायचा, ती मनगट धरायची, तो वाकायचा आणि रिकाम्या फरशीवर हात ठेवून बसायचा. एकदा त्याच्या मनात आलं, एक, एकच जुनं कुलूप आणावं खिशातून. दुकानात डबा बाहेर ओढलादेखील. मग डोळ्यांसमोर टाकीचं पाणी आलं आणि त्याने डबा पायाने परत आत ढकलला.

नवव्या संध्याकाळी त्याने दारातच बूट काढले आणि जिथे रोज बसायचा तिथे बसला. ती आली नाही. जरा वेळ वाट बघून त्याने आपणच हात पुढे केला, मनगट वर करून.

मुकादम त्या हाताच्या बाजूने गेली. दारापाशी त्याचे बूट वाकडे पडले होते, ते उचलून तिने भिंतीला लावले, रांगेत, इतरांसारखे.