सहावा मुद्दा

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं एकाच वहीतून शिकवलं. निवृत्त झालो तरी खाज गेली नाही, म्हणून लोणावळ्यातल्या एका अभ्यासकेंद्रात नोकरी सांभाळून एम.ए. करणाऱ्यांचे रविवारचे तास घेऊ लागलो. तिथे पहिल्या बाकावर यशोधरा ओव्हाळ बसायची. वय सेहेचाळीस, गाव औंढे. तुंगार्लीच्या तळ्याजवळचे तीन बंगले ती सांभाळायची. मालक मुंबईला, किल्ल्या हिच्या कमरेला. ती जरा हलली की किल्ल्या वाजायच्या आणि माझं वाक्य तुटायचं.

विषय होता अमेरिकी साहित्यातला रोमँटिक कालखंड. नाव ऐकून दरवर्षी निम्म्या वर्गाला वाटतं की प्रेमकथा वाचायच्या आहेत. मग मी समजावून सांगतो. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या काही लेखकांच्या मनानं घेतलं, की सत्य धर्मगुरूच्या तोंडून ऐकायची गरज नाही, ते माणसाच्या स्वतःच्या मनात असतं. ते ऐकायचं तर रानात जावं, एकटं राहावं. त्यांच्यातला एक जण तळ्याकाठी स्वतःच्या हातानं झोपडी बांधून दोन वर्षं राहिला. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून एक रात्र कोठडीतही बसला.

"सर, त्याचे कपडे कोण धुवायचं?" यशोधरानं विचारलं.

वर्ग हसला. मला राग आला.

"तसं नाही सर," ती म्हणाली, "तळ्याकाठच्या बंगल्यात येणारे सगळे एकटं राहायला म्हणूनच येतात. आणि मग मला फोन करतात, टॉवेल कुठे आहेत."

अशी बाई. पण तिचं शिक्षण हा काही विनोद नव्हता. तिच्या आईनं, चिमाबाईनं, त्याच बंगल्यांमध्ये जन्मभर भांडी घासली होती. तिथल्या कपाटातली इंग्रजी पुस्तकं पुसायची, पण उघडायची नाहीत, असा मालकिणीचा दंडक होता. यशोधरानं मुलाचं लग्न झाल्यावर पदवी घेतली आणि मग एम.ए.ला नाव घातलं. चार वर्षं झाली होती. एवढा एकच पेपर दोनदा राहिला होता. नोंदणीची मुदत त्या वर्षी संपत होती. या खेपेला गेला तर सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला पेपर राहिला त्यात माझाही हात होता, हे इथेच सांगून टाकतो. या कालखंडावरचे प्रभाव लिहा, असा स्वाध्याय मी दिला होता. माझ्या वहीत पाच मुद्दे आहेत: इंग्रजी कवींचं निसर्गप्रेम, जर्मन तत्त्वज्ञान, कडक धर्मशिस्तीविरुद्धचं बंड, अफाट अरण्यं, आणि पाचवा, इंग्रजीत भाषांतर होऊन तिकडे पोचलेले भारतीय धर्मग्रंथ. यशोधरानं चार मुद्दे चार ओळींत उरकले होते आणि पाचव्यावर तीन पानं भरली होती. सुरुवातच "माझ्या पणज्याला" अशी. मी पुढे वाचलंच नाही. तिन्ही पानांवर लाल रेघ ओढली आणि गुण न देता खाली लिहिलं, "विषयांतर. मुद्देसूद लिहा."

तिनं ते मनावर घेतलं. माझी वही उतरवून घेतली आणि पाचही मुद्दे घडाघडा पाठ केले. त्यानंतर तासाला तिनं एकही प्रश्न विचारला नाही. बाई सुधारली, असं मला वाटलं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

सप्टेंबरात या पेपरच्या तोंडी परीक्षेची तारीख अचानक अलीकडे आली. पावसामुळे तिचा फोन लागेना, म्हणून मी रिक्षा करून औंढ्याला गेलो. दिवेलागणीची वेळ होती. ती विहारात असल्याचं कळलं. वर्षावासाचे दिवस. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने तिथे रोज ग्रंथवाचन होतं आणि वाचायचं काम यशोधराकडे होतं. रीत अशी, की आधी ग्रंथातलं पान वाचायचं आणि मग घरी वहीत लिहून आणलेला अर्थ सांगायचा. पंधरा-वीस बाया पांढऱ्या साड्या नेसून बसल्या होत्या. मी दाराशी टेकलो.

पान वाचून झालं. यशोधरानं पिशवीतून वही काढली, उघडली आणि नुसती पानं उलटत राहिली. बंगल्यावरून धावतपळत येताना वही चुकली होती. दोन्हींना वर्तमानपत्राचंच कव्हर. हातात आली होती ती माझ्या पाच मुद्द्यांची.

"का गं थांबलीस?" पुढे बसलेली म्हातारी म्हणाली. ती सरुबाई, ऐंशीच्या पुढची. "वाच की."

यशोधरानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाचू लागली. पण इंग्रजीत वाचून कोणाला कळणार? म्हणून ती आपल्या बोलीत सांगत गेली. "ती मान्सं म्हनली, दुसरा सांगतोय म्हनून मानू नगा. सोताच्या मनाला इचारा. कायदा वंगाळ असंल तर न्हाई म्हना, मंग तुरुंगात टाकलं तरी चालंल." माझ्या कोरड्या ओळी तिच्या तोंडी ओल्या झाल्या. संपल्यावर बायांनी हात जोडले आणि नेहमीसारखं "साधु, साधु, साधु" म्हटलं.

"लय ब्येस," सरुबाई म्हणाली. "ह्ये भंते कुटल्या विहारातलं?"

मला हसू आवरेना. यशोधराही हसली. "भंते न्हाईत, मावशी. अमेरिकेतलं लेखक हायती. दोनशे वर्सं व्हत आली. त्यांनी आपल्याकडची पुस्तकं वाचल्याली. समिंदरापल्याड गेलती."

"हितली पुस्तकं?"

"व्हय."

सरुबाईनं थोडा विचार केला. "मंग तितं पोचली, आन् माज्या आज्याला हितं का न्हाई दावली? त्यो तर कानानं आयकाया बी उभा ऱ्हायला तर हाकलायचं."

यशोधरानं माझ्याकडे बोट केलं. "सर बसल्यात. त्यांनाच इचारा."

सगळ्या बाया वळल्या. पंचवीस वर्षं मी पाचवा मुद्दा अभिमानानं, जरा छाती फुगवूनच सांगत आलो होतो. "मला माहीत नाही, मावशी," एवढंच म्हणालो. त्या रात्री घरी तिचा जुना स्वाध्याय शोधून काढला आणि लाल रेघेखालची तीन पानं वाचली. पहिल्या पानावर हाच प्रश्न होता.

परीक्षेला पुण्याहून एक बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या. मी शेजारी नुसता बसायला. "प्रभाव सांगा," त्या इंग्रजीत म्हणाल्या. यशोधरानं चार मुद्दे बिनचूक म्हटले. पाचव्याची पहिली ओळ म्हटली आणि अडखळली. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझी वही तिला पाठ होती. तेवढं म्हणाली असती तर ती पास होती.

"मॅडम," मी परीक्षकांना म्हणालो, "याचं उत्तर यांनी एकदा लिहिलं होतं. मी न वाचता खोडलं. ते ऐकावं, अशी विनंती आहे. मराठीत चालेल का?"

त्यांनी चष्म्यावरून मला न्याहाळलं आणि मान हलवली.

"ते ग्रंथ अमेरिकेत पोचले, पण माझ्या पणज्याला ते ऐकायचीही बंदी होती," यशोधरा म्हणाली. "का, हा माझा प्रश्न आहे. त्याचं उत्तर अभ्यासाच्या पुस्तकात नाही. पण मॅडम, छप्पन साली माझ्या आजीनं देव्हाऱ्यातले देव इंद्रायणीत सोडले. तिला अक्षर येत नव्हतं. सांगणारे बाबासाहेब होते, मोठे होते. पण पाण्यात उभं राहून हात मोकळे करायचे होते ते तिला एकटीला. काठावर सासू रडत होती. आजी म्हणायची, तेवढा वेळ मला फक्त माझंच मन ऐकू येत होतं. त्या लेखकांना हेच तर म्हणायचं होतं. आजीवर त्यांचा काही प्रभाव नव्हता. प्रभावाशिवायही माणूस तिथवर पोचतो. सरांच्या वहीत पाच मुद्दे आहेत. हा सहावा."

खोलीत तिच्या किल्ल्या वाजल्या. परीक्षक बराच वेळ लिहीत राहिल्या.

निकाल नोव्हेंबरात लागला. ती पास झाली, गुण बेताचेच. पेढे घेऊन औंढ्याला गेली, तेव्हा मीही बरोबर होतो. सरुबाई उन्हात बसली होती. तिनं पेढा बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, "माजा सवाल इचारलास का तितं?"

"इचारला, मावशी."

"मंग काय जबाब दिला?"

"जबाब न्हाई दिला," यशोधरा म्हणाली. "सवाल लिवून घेतला."

सरुबाईनं मान डोलावली आणि मग पेढा तोंडात टाकला.