पान सत्तरवरची पोरगी

"तू ऊठ तिथून. साहेब लोकांना पाणी दे."

मंचरच्या हॉलमध्ये, भरल्या सभेत, ज्यांच्या हाताखाली मी पाहणीचं काम करायचे ते सर मला असं म्हणाले. मी उठले. पाण्याचा जग घेतला.

पडद्यावर सरांचा एसटी वाहतुकीचा अहवाल. सगळा इंग्रजीत. त्यातली घराघरातली माहिती मी आणलेली. शिनोलीपासून आहुप्यापर्यंत वर्षभर वाड्यावस्त्या पायी तुडवलेल्या. अहवालात माझं नाव नव्हतं. प्रत मागितली तेव्हा सर हसले होते.

"तुला काय कळणार त्यातलं? तुमच्यात आता शिकतात, चांगलंय. पण हे काम वेगळं."

तुमच्यात. मी बौद्ध घरातली, एम.ए. झालेली. तरी ऐकून घेतलं. नोकरी हवी होती.

एसटी डेपोचे साहेब दोनदा म्हणाले, "सर, पण आम्ही नेमकं करायचं काय?"

"पान सत्तर बघा. सगळं मांडलंय."

साहेबांनी पान उघडलं. बघितलं. मिटलं.

त्या पानावर काय होतं, मला ठाऊक होतं. डोंगरातल्या एका वाडीवरची सुनंदा. नववीतली. तिची आई चुलीपुढं बसून मला म्हणाली होती, "शाळा सुटायच्या आदी गाडी जाती, ताई. रानातनं पोरीला यकटी कशी येऊ देऊ? शाळा बंद कर म्हनतो तिचा बाप." मी शब्दन् शब्द लिहून दिलं. सरांनी त्याचं गणिती सूत्र केलं. त्यात सुनंदा कुठं दिसेचना.

मी जग टेबलावर ठेवला.

"साहेब, शाळा पाचला सुटते. वर जाणारी गाडी साडेचारला निघते. ती पाऊण तास उशिरा सोडा."

सर ओरडले, "तुला बोलायला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

पण बोलले.

साहेबांनी सरांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "एवढंच होतं?"

"एवढंच."

गाडीची वेळ बदलली. माझं काम गेलं.

सांगायला मी वर वाडीवर गेले. सुनंदा घरी नव्हती. मावशीकडं राहून मंचरला बटाटे निवडायला जात होती. शाळा कधीच सुटलेली. तिच्या आईनं सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाली, "लई उशीर केला, ताई. तुला ठावं व्हतं, तर इतके दिस गप का बसली?"

सरांचं बोलणं एवढं लागलं नव्हतं. उतरताना वाटेत बसून रडले. माहिती माझ्याजवळ होती. भाषा माझ्याजवळ होती. आणि गप्प बसायची सवयही माझीच. पिढ्यांची.

आताही असली कामं येतात. मी अट आधी घालते. अहवाल आधी मराठीत, दोन पानांत. ज्यांनी माहिती दिली त्यांच्या ओट्यावर तो पहिला वाचायचा. मग डेपोत. मग तुमच्या पडद्यावर.

परवा एक नवे सर म्हणाले, "एवढा ताठा बरा नाही, बाई."

मी कागद पुढं सरकवला. "ताठा नाही सर, अट आहे. सही करा, नाहीतर स्वतः डोंगर चढा."