वसंतकाकांचं जिवंतपणी तर्पण

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी मी आमच्या वसंतकाकांना पितरांत जमा केलं, आणि दुपारी ते माझ्याच शेजारी बसून उडदाचे वडे मागून मागून खात होते. मधल्या वेळात जे घडलं, त्याबद्दल घरात अजूनही माझं नाव आदराने घेतलं जात नाही.

आमच्या घरची एक रीत आहे. शास्त्रातली नावं गुरुजींनी घेतली की उरलेल्या गोतावळ्याला, म्हणजे आत्या, मामा, चुलत-मावस सगळ्यांना, गेले त्या क्रमाने पाणी द्यायचं. जो आधी गेला, त्याला आधी. (आजोबा रेल्वेत होते. रांग मोडलेली त्यांना मेलेल्यांचीही खपत नसे!) त्यामुळे दरवर्षी बाबा कमरेएवढ्या नर्मदेत उभे आणि त्यांचे थोरले भाऊ वसंतकाका पायरीवर बसलेले, असा वाद रंगायचा.

"सुमनआत्या पहिले गेली."

"काहून? बापूमामा पहिले गेला. मीच तर गेलो होतो ना त्याच्या तेराव्याले!"

"हा झगडा मी मिटवतो," त्या वर्षी मी म्हणालो. मी दीक्षितपुऱ्यात घरी बसून प्रोग्राम लिहिण्याची नोकरी करतो. घरच्यांच्या मते मी 'दिवसभर काहीतरी टाइप करून राहतो'. उपयोगी पडण्याची ही पहिलीच संधी होती. मी अख्ख्या खानदानाची नावं आणि प्रत्येकाचं जाण्याचं साल भरलं. उत्साहाच्या भरात जिवंत माणसंही भरली, त्यांचं साल तेवढं रिकामं ठेवलं. (कधी ना कधी लागणारच, असा सूज्ञ विचार!)

आधी पायथन नावाच्या भाषेत लिहिलं. क्रम लावायला सांगितलं तर ती अडूनच बसली. लाल अक्षरांत म्हणाली, इथे एकाला साल आहे, दुसऱ्याला काहीच नाही, या दोघांची तुलना मला जमणार नाही. मला वाटलं, आडमुठी आहे. मग तेच जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं. तिने हूं की चूं केलं नाही, क्षणात क्रम लावून दिला. न भांडणारी भाषा ती गुणाची भाषा, असं म्हणून मी फक्त शेवटचं नाव तपासलं. सगळ्यात शेवटी गेलेली आजी, शेवटीच होती. शेवट बरोबर म्हणजे सुरुवात बरोबर! मग फोन एका बाईच्या आवाजात नावं वाचेल आणि प्रत्येक नावानंतर ओंजळभर पाणी सोडण्यापुरता थांबेल, अशी सोय केली.

सर्वपित्रीच्याच संध्याकाळी काकांना नागपूरला जायचं होतं. हृदयाचं ऑपरेशन होतं. काका ते किती महिने टाळत होते, आणि डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता दिवाळीची वाट पाहू नका. काका कसेबसे तयार झाले होते. त्यांचं मन फिरू नये म्हणून त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने शिंकतही नव्हतं.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर त्या सकाळी धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. बाबा डोळे मिटून पाण्यात उभे होते. काका शाल पांघरून पायरीवर, हातात बिस्कीट. गुरुजी म्हणाले, "चलो, बाकी के नाम लो." मी बटण दाबलं.

धुक्यातून, पाण्यावरून, तो थंड आवाज आला. "वसंत. गोविंद. बोकारे."

मग ती शांतता. (मीच ठेवलेली!) बाबांनी डोळे न उघडता ओंजळ सोडली. सोडलेले तीळ एरवी धारेला लागतात. ते त्या दिवशी गोल फिरून काकांच्या पायरीला येऊन थांबले.

"पिंटू," काका हळूच म्हणाले, "ही बाई मले काहून बोलावून राहिली?"

मी घाईघाईने फोनवर अंगठा आपटला.

"मधुकर. गोविंद. बोकारे."

बाबांची अर्धी ओंजळ सुटली होती. त्यांनी डोळे उघडले. "अबे, हा तर मी होय!" उरलेलं अर्धं पाणी सोडावं की धरावं, त्यांना कळेना.

"प्रशांत. मधुकर. बोकारे."

हा मी. आजवर मला पुष्कळ लोकांनी हाका मारल्या, पण इतक्या सावकाश कोणीच नाही.

"बंद कर बे!" बाबा ओरडले. माझा अंगठा ओला, फोन ऐकेना. बाई एकेकाच्या घरी जाऊ लागली. काकू. आई. कुंडमला सुखाने नांदणारी माझी ताईसुद्धा! मी काकांची शाल ओढून फोनच्या स्पीकरवर टाकली. आता आवाज शालीच्या आतून यायला लागला, आणि तो जास्तच भयंकर होता.

आणि तेवढ्यात कावळा आला. गुरुजी सकाळपासून पिंडाजवळ "आ, आ" करून थकले होते, तिकडे त्याने बघितलंही नाही. तो सरळ काकांपाशी उतरला आणि त्यांच्या हातातलं बिस्कीट घेऊन गेला.

गुरुजींनी नकळत हात जोडले. "लो, छू गया."

"चला," काका म्हणाले. "झालं माझं. पिंटू, तिकीट वापस कर. मेलेल्या माणसाचं कसलं ऑपरेशन!"

घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर बसलो.

"काका, ज्याचं साल रिकामं, तो जिवंत. पायथन म्हणते, जिवंत आणि मेलेले मी एका रांगेत लावत नाही. जावास्क्रिप्ट रिकाम्या जागेला शून्य धरते. शून्य सगळ्यात लहान, म्हणून आपण सगळे पणजोबांच्याही आधी गेलो."

काकांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे एका भाषेत मी जिवंत, अन् एका भाषेत मेलो?"

"हो. म्हणजे, नाही!"

"अन् त्या दवाखान्यातलं मशीन कोणत्या भाषेत चालते?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो. (हृदयाच्या रोग्याला असं उत्तर देणारा मीच!)

खरं सांगतो, मला रडू येत होतं. माझ्या दोन ओळींपायी हा माणूस गेला तर मी काय करणार होतो?

तेवढ्यात वड्यांची परात घेऊन काकू आली. काकूने सारी उमर केंद्र सरकारच्या ऑफिसात काढली आहे.

"काहून तोंड पाडून बसले हो? पाणी सोडलं?"

"सोडलं."

"कावळा शिवला?"

"शिवला."

"मग वरती तुमची फाईल बंद झाली ना! बंद झालेली फाईल उघडणारा बाबू म्या जिंदगीत पाहिला नाही. यमराज नागपूरले आले तरी कागद पाहून वापस जातील. म्हणतील, ये तो हो चुका है!"

काकांचाही जन्म सरकारी कारखान्याच्या नोकरीत गेला होता, त्यामुळे मुद्दा त्यांना पटण्यासारखा होता.

"पक्कं?"

"एकदम पक्कं."

काकांनी परातीत हात घातला. "अहो, तेल!" काकू किंचाळली.

"मेलेल्या माणसाले कसलं पथ्य!" काका म्हणाले, आणि संध्याकाळी गाडीत बसले. काळजीत राहिले ते फक्त बाबा. "माझं तर अर्धंच सुटलं होतं. माझी फाईल पेंडिंग आहे का मग?"

ऑपरेशन छान झालं. मी त्याच आठवड्यात चूक दुरुस्त करून टाकली. पुढच्या सर्वपित्रीला काका स्वतः गुडघाभर पाण्यात उतरले. मी ऐटीत बटण दाबलं आणि पहिलं नाव आलं पणजोबांचं. अगदी बिनचूक!

काकांनी डोळे उघडले. "माझं नाव कुठं आहे?"

"काका, ती चूक होती. काढून टाकली."

"तुले कोणी सांगितलं होतं काढायले? जीव घेतो का माझा? पहिले होतं तसंच कर!"

"अन् माझं यंदा पूर्ण घे," बाबा म्हणाले.

शेवटी घाटाच्या पायरीवर बसून मी ती चूक पुन्हा लिहिली. ऑफिसात मी लिहिलेलं प्रत्येक काम दुरुस्तीसाठी परत येतं. 'याला हात लावू नको' असं लोकांनी बजावलेला माझा आयुष्यातला एकच प्रोग्राम आहे, आणि तो दरवर्षी माझं अख्खं घर मारतो!