झाकणकाकांचं बारा नंबरचं टेबल

तळ्याकाठच्या त्या हॉटेलात बारा नंबरच्या टेबलावर आजवर एकाही मुलीने 'नाही' म्हटलेलं नाही, अशी ख्याती आहे. मॅनेजर याचं श्रेय तळ्याला देतो. तळ्यात खरं तर पाण्यापेक्षा शेवाळ जास्त. पण सूर्य मावळताना शेवाळही सोनेरी दिसतं, आणि लग्नाची मागणी घालायला आलेला माणूस काही पाण्याची परीक्षा करायला आलेला नसतो. शेफ म्हणतो, श्रेय माझ्या केकचं. श्रेय ज्याचं आहे तो माणूस तिथे एकतीस वर्षं वेटर आहे आणि सगळे त्याला झाकणकाका म्हणतात.

नाव पडलं ते कामावरून. मागणी घालणारा तरुण आधीच येऊन अंगठी काकांच्या हवाली करतो. जेवण आटोपलं की काका चांदीच्या झाकणाखाली केकची बशी घेऊन जातात आणि झाकण उचलतात. केकशेजारी अंगठी. मुलगी तोंडावर हात ठेवते, स्वयंपाकघराच्या काचेला नाकं लावून उभी असलेली मंडळी टाळ्या पिटतात, की झालं लग्न पक्कं.

यातली गोम अशी, की काका दर वेळी अंगठी ठेवत नसत. वाढता वाढता ते मुलीकडे बघत. जिला हो म्हणायचं असतं ती त्याच्या ताटातलं बिनदिक्कत उचलून खाते. जिच्या मनात नसतं ती नॅपकिनच्या घड्या घालत बसते आणि वेटरला थँक्यू म्हणते. एकदा म्हणाली तर रीत, दोनदा म्हणाली तर संस्कार. तीनदा म्हणाली की समजावं, ही पोर सुटकेचं दार शोधते आहे आणि तिला वेटरशिवाय कुणी दिसत नाहीये. मग काका अंगठी खिशातच ठेवत. झाकणाखाली नुसता केक. जरासं वाकून म्हणत, "शेफचा निरोप आहे, आज केक नीट फुगला नाही. माफ करा." पोरगा हिरमुसायचा, कधी भडकायचा. निघताना काका त्याच्या हातात कोट आणि अंगठी देत, "साहेब, आज नको," एवढंच सांगत. अशा कितीजणांची झाकली मूठ त्यांनी झाकलेलीच राहू दिली, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

घरात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेला दांडी मारायची असली की काकांची लेक पांघरुणातून आवाज द्यायची, "शेफचा निरोप आहे, आज केक फुगला नाही!" आणि काका हसत हसत शाळेत चिठ्ठी लिहून पाठवायचे.

सहा वर्षांपूर्वी हीच लेक बारा नंबरवर येऊन बसली. वय तिशीला टेकलेलं. काकांची बायको अंथरुणाला खिळलेली, आणि डोळे मिटायच्या आत पोरीचं बघू द्या, हा तिचा एकच धोशा. मुलगा नोकरीचा, घरचा चांगला. टेबल त्यानेच मागून घेतलं होतं, अंगठी सासऱ्यांच्या हातून जावी म्हणून.

त्या संध्याकाळी लेकीने नॅपकिनची इतकी बारीक घडी घातली की ती मुठीत मावली. पाणी ओतलं, "थँक्यू बाबा." सूप ठेवलं, "थँक्यू बाबा." ताट उचललं, "थँक्यू बाबा." दुसऱ्या कुणाची पोर असती तर काकांनी पाठमोरी बघूनही ओळखलं असतं. आपली म्हटल्यावर म्हणाले, लाजते आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यांनी अंगठी ठेवली आणि झाकण उचललं.

लेकीने अंगठीकडे पाहिलं. मग मान वर करून बापाकडे पाहिलं, बराच वेळ. आणि "हो" म्हणाली ती बापाकडेच बघत. हो म्हणणारी मुलगी समोरच्याकडे बघते, हे काकांइतकं कुणाला माहीत? पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

आठ महिन्यांनी काकांची बायको समाधानाने गेली. समाधान मिळालं ते तिला एकटीला.

तीन महिन्यांपूर्वी लेक दोन बॅगा घेऊन माहेरी आली. जावयाने कधी हात उगारला नव्हता. तो नुसता बोलायचा बंद व्हायचा. मीठ कमी पडलं की तीन दिवस, माहेरी फोन केला की आठवडा. जिन्यात पावलं वाजली की उठून उभं राहायचं, एवढं मात्र ती सहा वर्षांत शिकली होती. इथे दोन खोल्यांत काका, मुलगा, सून आणि आता ही. सून वाईट नव्हती. पण दोन खोल्यांत चांगुलपणालाही अंग चोरून राहावं लागतं. तरी तिसऱ्या महिन्यात लेक केस विंचरताना गुणगुणायला लागली. काका न्हाणीघरात नळ बंद करून ते ऐकत उभे राहत.

आणि मग जावयाने फोन केला, तो हॉटेलात. बारा नंबर हवा, केक हवा, झाकण हवं. रुसलेल्या बायकोला परत न्यायचंय. मॅनेजर हरखला, "काका, घरचंच कार्य!" लेक म्हणाली, बोलायला म्हणून जाते.

जावई दुपारी चारलाच आला. लेकीने घर सोडताना आरशापाशी काढून ठेवलेली अंगठी त्याने काकांच्या तळहातावर ठेवली. "तुमच्या हातून झालं होतं, बाबा. पुन्हा तुमच्याच हातून होऊ द्या."

काकांनी मूठ मिटली ती मनाशी ठरवूनच. या वेळी अंगठी खिशाबाहेर निघणार नाही. त्याचा संताप, मॅनेजरची बोलणी, काय व्हायचं ते होऊ दे.

जेवण संपलं. सूर्य शेवाळापर्यंत उतरला. काकांनी बशी ठेवली, झाकण उचललं. नुसता केक. "शेफचा निरोप आहे," म्हणताना त्यांचा आवाज फाटला, "आज केक नीट फुगला नाही."

जावयाचा जबडा आवळला. लेकीने क्षणभर डोळे मिटले. मग "आलेच" म्हणून उठली आणि काकांच्या पाठोपाठ झाकणं मांडून ठेवतात त्या बोळात आली.

"अंगठी कुठाय?"

"खिशात. तू मागच्या दाराने घरी जा. त्याला काय सांगायचं ते मी सांगतो."

"बाबा, त्या दिवशी मी याच वाक्याची वाट बघत होते," ती म्हणाली. "म्हटलं, बाबा आहेत ना. त्यांना सगळ्या पोरींचं कळतं."

"चुकलो गं. म्हणून तर आज..."

"आज? आणि काल? काल दादाने विचारलं, आता पुढे काय ठरवलंयस. तुम्ही समोरच होतात. पेपर वाचत."

काल पेपर हातात होता, पण डोळ्यांवर चष्मा नव्हता. ते तिनेही पाहिलं होतं.

"'राहील ती इथेच', एवढंच म्हणायचं होतं तुम्ही. मी वाट बघितली. मग गॅलरीत जाऊन त्याला फोन केला, परत येते म्हणून सांगितलं."

"आज बोलतो. घरी गेल्या गेल्या बोलतो."

"तुम्ही इथेच बोलता, बाबा. हातात झाकण असलं की."

ती रागावली असती तर काकांना सोसलं असतं. तिने नुसता हात पुढे केला.

"नाही देणार," काका म्हणाले.

"मग तशीच जाईन. अंगठी नाही म्हणून तो पंधरा दिवस बोलायचा नाही. द्या."

काकांनी अंगठी बशीत ठेवली. लेक पुढे जाऊन खुर्चीत बसली. काकांनी दुसऱ्यांदा झाकण उचललं आणि म्हणाले, "शेफने नवीन पाठवलाय." या वेळी लेकीने जावयाकडे बघून, जसं बघायला हवं तसं बघून, हो म्हटलं. काचेमागे टाळ्या झाल्या. मॅनेजरने काकांच्या पाठीवर थाप मारली, "रेकॉर्ड कायम, काका!"

काकांनी कॉफी ठेवली. "थँक्यू बाबा."

निघताना तिला कोट दिला. "थँक्यू बाबा."

जावई गाडीचं दार उघडून बाहेर उभा होता. काकांनी हॉटेलचं दार उघडून धरलं. लेक उंबऱ्यावर थांबली, त्यांच्याकडे बघून तिसऱ्यांदा म्हणाली. काकांनी मोजलं, आणि दार तसंच धरून ठेवलं.