पट्ट्यांचे वळ

हे आत्ताच लिहिते, नाहीतर परत गिळून टाकेन. दोन वर्षं कोणालाच सांगितलं नाहीये — कोणालाच. परळला हॉस्पिटलच्या बाकावर बसलेय. आई शेजारी आहे, तिला वाटतंय मी मामाला मेसेज करतेय. आत जुई आहे. माझी बहीण, आठ वर्षांची. टाचेमागची शीर लांब करायचं ऑपरेशन चाललंय.

जुईला जन्मापासून सीपी, सेरेब्रल पाल्सी. म्हणजे पोटऱ्या कडक, आखडलेल्या, चालते चवड्यांवर, तेही भिंत धरून. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पोटऱ्यांत इंजेक्शनं दिली. त्याने स्नायू सैल पडतो, पण तीनेक महिनेच. फिजिओच्या मॅडमनी मला करून दाखवलं — गुडघा सरळ, टाच तळहातात, पाऊल हळूहळू वर, आणि तसंच धरून ठेवायचं. मग दुपारभर स्प्लिंट, म्हणजे पाऊल तसंच वर धरून ठेवणारा पट्ट्यांचा साचा. "नुसत्या सुईने काही होणार नाही हां," म्हणाल्या. "जे काय करायचं ते या तीन महिन्यांत."

मलाच का? आई लालबागला मसाल्याच्या दुकानात. उन्हाळाभर मिरची. हात कितीही धुतले तरी जुईला लावले की तिची नुसती आग आग व्हायची. मी बारावी देऊन घरीच होते.

दहा-बारा दिवस केलं. मग — कसं सांगू — जुई रडायची. चाळीतल्या बायका डोकावायच्या. मला बघवायचं नाही म्हणून सोडलं, असं मी स्वतःला सांगत आले. पण तेही खरं नाही ना. मला कंटाळा यायचा. दोन्ही हात तिच्या पायाला लागले की फोन बघता येत नाही. बस, एवढंच.

आणि हे पण नाही. सांगायचंय ते पुढेच आहे.

आई कामावरून आली की हात न लावता नुसती वाकून जुईच्या पोटऱ्या बघायची. स्प्लिंटच्या पट्ट्यांचे वळ दिसले की तिचा चेहरा खुलायचा. "आज पण केलंस गो बाय माझी." मग मी काय करायचे? आई यायच्या पंधरा मिनिटं आधी स्प्लिंट चढवायचे आणि पट्टे करकचून आवळायचे. वळ उठेपर्यंत. जुई ओठ दाबून बसायची. "ताई, झाला लाल?" विचारायची. आणि आई आली की स्वतःच पाय पुढे करायची.

तपासणीला गेलो तर टाच टेकेचना. डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम रोज होतो? मी तोंड उघडायच्या आत जुई म्हणाली, "रोज. ताई रोज करते."

डॉक्टर म्हणाले, मग हिला इंजेक्शनचा उपयोग होत नाहीये. आईने मान हलवली. मी पण हलवली. परत इंजेक्शन दिलंच नाही. पाय आखडत गेले.

ऑपरेशन तरीही लागलं असतं? असेल. मला त्याच्यामागे लपायचं नाहीये.

मघाशी आत नेताना जुईने मला खाली वाकायला लावलं. कानात म्हणाली, "ताई, मी अजून कोणाला नाही सांगितलं."

आईने विचारलं, काय म्हणाली गं? मी म्हटलं, घाबरलीये.

तुमच्यासाठी कोणी लहान मूल असं खोटं बोललंय का कधी?