खोलीवरच्या मुलींची मालिका

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी आणि माझी मैत्रीण एक खोली भाड्यानं घेऊन राहत होतो. ती कबनूरची, वडील यंत्रमागावर कामाला. मी शिरोळकडची. ती फार्मसी शिकून नोकरी शोधत होती, मी एका क्लासमध्ये गणित शिकवायची. त्या वर्षी टीव्हीवर एक मालिका सुरू झाली. कोल्हापुरात खोली घेऊन राहणाऱ्या दोन मुलींची.

सुरुवातीला जेवताना मोबाइलवर ती बघून आम्ही हसायचो. त्या मुली कधी कपडे धुवायच्या नाहीत, डबा भरायच्या नाहीत. वाक्याच्या शेवटी 'की' लावलं म्हणजे झालं कोल्हापुरी, असं लिहिणाऱ्याला वाटत असावं. मग त्यातल्या एकीच्या आयुष्यात एक मुलगा आला, ती घरी थापा मारू लागली, आणि आमच्याकडे फोन सुरू झाले.

भाग संपला की मैत्रिणीच्या आईचा फोन यायचा. आधी जेवलीस का, एवढंच. मग खोलीत कोण आहे. मग व्हिडिओ कॉल करून खोली दाखव. एकदा तर दारामागची बाजूही दाखवायला लावली. मैत्रिणीनं हसत दाखवली. पुढं तिचा भाऊ गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून बसलेला दिसू लागला. कधी काही न विचारणाऱ्या घरमालकीणबाईही जिन्यात पाऊल वाजलं की दार किलकिलं करायच्या. मालिका संपली की थांबेल सगळं, असं मैत्रीण म्हणायची.

तेवढ्यात तिला पुण्याच्या एका कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिनं आनंदानं घरी कळवलं. त्याच आठवड्यात मालिकेतली मुलगीही पुण्याला मुलाखत आहे म्हणून सांगून निघाली आणि त्या मुलाबरोबर पळून गेली. तो भाग बघताना आम्हा दोघींचा घास हातातच राहिला. त्या संध्याकाळी तिच्या आईचा फोन आलाच नाही.

सकाळी वडील आणि भाऊ दारात उभे. भाऊ सरळ आत येऊन तिचे कपडे बॅगेत भरू लागला. तिनं कंपनीचा मेल वडिलांसमोर धरला. त्यांनी बघितला, पण मोबाइल हातात घेतला नाही. मुलाखत खरी आहे, मी स्वतः तिच्याबरोबर जाते, असं मी सांगू लागले. त्यांनी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पोरी, तू खोटं बोलतीस असं न्हाय," ते म्हणाले. "पण ती पोरगीबी असंच सांगून गेलती की."

"आबा, ती टीव्हीतली हाय," मैत्रीण म्हणाली.

भावानं बॅगेची चेन ओढली. ती चपला घालून त्यांच्यामागून जिना उतरली.

मुलाखतीचा दिवस निघून गेला. तिचं लग्न ठरल्याचं मला दुसरीकडून कळलं. फोन केला की भाऊ उचलतो, ती कामात आहे म्हणतो.

मी त्याच खोलीत राहिले. परवा माझ्या आईचा फोन आला. ती मालिका तीही बघते, हे मला तेव्हाच कळलं.

"आता ती दुसरी एकटीच ऱ्हाती न्हवं खोलीवर," ती म्हणाली. "तिचं काय दाखवतील गं फुडं?"

मला काय माहीत, मी म्हटलं. मग ती म्हणाली, रविवारी बाबा तुझ्याकडं येणार आहेत.