टिश्यूने राखलेलं घर

सिंगापुरात, सेरंगूनच्या त्या जुन्या कॉन्डोत मी भाडेकरू होतो आणि खालच्या मजल्यावरचे चिनी अंकल स्वतःच्या घराचे मालक. नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रोज सकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कोपऱ्यातल्या टेबलावर टिश्यूचं पाकीट टाकून ते निवांत कॉफी आणायला जायचे. तिथला रिवाजच तो. पाकीट दिसलं की टेबल धरलेलं. तिथे बसायची कुणाची छाती होत नाही.

त्या वर्षी एका बिल्डरने अख्खी इमारतच विकत मागितली. बहुतेक मालक 'हो' म्हणाले की उरलेल्यांनाही घर विकावंच लागतं, असा तिथला कायदा. शेजारी नव्या गाडीचा रंग ठरवू लागले. अंकल एकटेच अडून बसले.

मी शहाणपणा केला, "अंकल, भाव चांगला आलाय."

"आणि राहू कुठे? तुझ्या डोक्यावर?" बशीतली कॉफी भुरकत ते तिथल्या लकबीत म्हणाले, "इथे टिश्यूने टेबल राखता येतं, लाह. घर राखायला कागदपत्रंही पुरत नाहीत!"

शेवटी सगळ्यांनाच निघावं लागलं. मी बॅगा घेऊन जिना उतरलो, तर अंकलच्या उंबऱ्यावर टिश्यूचं पाकीट. घर ताब्यात घ्यायला आलेला बिल्डरचा माणूस, किल्ली हातात धरून, बाहेरच घुटमळत उभा होता.